झाकण उघडायचं नाही

"आई, झाकण उघडलंस ना?" मुलीने फोनवर विचारले.

"नाही."

"खरं सांग."

"अगं, उघडलं. जरासं ढवळलं फक्त."

"ढवळायचं नसतं त्यात! एकदा उघडलं की अर्धा तास फुकट जातो. कितीदा सांगितलं, सगळं कच्चं टाक, बटण फिरव आणि कामावर जा. संध्याकाळी घरी ये, तयार असेल. तुला वास घ्यायला नको, काही नको."

मला वास घ्यावा लागू नये म्हणून तर तिने हा स्लो कुकर पाठवला होता. जाड चिनी मातीचे भांडे, वर काचेचे झाकण, समोर एक बटण. त्यात मटण, कांदा, टोमॅटो, आले, लसूण, मसाला, मीठ सगळे एकदम ओतायचे आणि पाठ फिरवायची. याला स्वयंपाक म्हणायचे की गुरांचे आंबोण? कांदा परतायचा नाही, मटणाला रंग चढू द्यायचा नाही. मी काचेतून आत पाहिले. फिकट, गिळगिळीत तुकडे लालसर पाण्यात पडले होते. सकाळी सहा वाजता असले काही बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

चौदा महिन्यांपूर्वी मला ताप आला. पाच दिवसांत गेला, पण जाताना माझे नाक घेऊन गेला. पहिले दोन महिने कशालाच वास नव्हता. ते सुखाचे दिवस होते, असे आता म्हणते. कारण त्यानंतर वास परत आले ते सगळे उलटेपालटे होऊन. कांदा परतला की टायर जळतो. कॉफी उकळली की गटार तुंबते. आणि मटण, कोंबडी, मासे काहीही असो, माझ्या नाकाला तो कपाटामागे मेलेला उंदीर. ताजे असो की शिळे, कच्चे असो की शिजलेले, उंदीर तोच. डॉक्टर म्हणाले, "नाक नव्यानं शिकतंय, धीर धरा." चौदा महिन्यांत पोर चालायला लागते. माझे नाक अजून रांगतसुद्धा नाही.

आणि मी कोण? बाटल्यांच्या कारखान्यातल्या कॅन्टीनची मुख्य आचारी. सव्वीस वर्षे. रोज दोनशे चाळीस माणसे माझ्या हातचे जेवतात. माझ्या नाकाची गोष्ट नवऱ्याला आणि मुलीला ठाऊक होती, कॅन्टीनमध्ये कुणालाही नाही. तिथे कळले असते तर त्याच दिवशी माझ्या हातातली पळी काढून घेऊन मला भांड्यांच्या मोरीवर बसवले असते. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायला ठमी होती. ठमी म्हणजे आमच्याकडची भाज्या चिरणारी, चाळिशीची, बुटकी, तोंडाने फटकळ. तापातून उठून कामावर गेले त्या आठवड्यात मी तिला हाक मारली.

"ठमे, जन्मभर काय बटाटेच सोलणार आहेस? ये इकडे. वास घे आणि मला सांग."

तिला वाटले, मावशींनी आपल्याला शिकवायला घेतले. रोज झाकण उघडून ती नाक आत घालायची आणि सांगायची, "कांदा झाला, मावशी," नाहीतर, "मसाला अजून कच्चट आहे." मी आधीच ठाऊक असल्यासारखी मान डोलवायची. खरे म्हणजे मी तिच्या तोंडाकडे बघत असे. नाकपुड्या फुलून डोळे मिटले की गॅस बंद. नाक मुरडले की आणखी पाच मिनिटे. सकाळी मटण आले की, "बघ गं, ताजं आहे का," हेही तिलाच. शिकवायचे नाटक करता करता बाई खरोखरच शिकली, आणि मी तिच्या तोंडावर स्वयंपाक उरकत राहिले. विचार केला की माझी मलाच शिसारी यायची. पण विचार करायला वेळ कुणाला होता?

घरी मात्र मटण बंद होते. आमचे हे मुळात गरीब गाय. पोस्टात पत्रांवर शिक्के मारण्यात सगळी नोकरी सरली, घरात वर तोंड करून बोलणे माहीत नाही. चौदा महिने एका शब्दाने कुरकुरले नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचे उरलेसुरले दात काढले. हिरड्या भरेपर्यंत कवळी नाही, म्हणून तीन आठवडे मऊ भात आणि सूप चालले होते. एका दुपारी टीव्हीवर कुणीतरी हाडावरचे मटण तोडून खात होते. हे बघत राहिले.

"लोण्यासारखं शिजलेलं असलं ना, तर हिरड्यांनीसुद्धा खाता येईल मला," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून घाईघाईने म्हणाले, "नाही नाही. उगीच आपलं बोललो."

तेवढ्यावरून मी मुलीला फोन केला होता. दोनशे चाळीस परक्या माणसांना रोज वाढते, आणि या एका माणसाला त्याने मागितलेले करून घालता येत नाही, तर मग मी आचारी कसली?

आदल्या संध्याकाळी मटण आणायला गेले तेव्हा मटणवाल्याने मांडी पुढे केली होती.

"मावशी, हे न्या. एक नंबर माल आहे."

"मांडी दिवसभर शिजवली तर सुतळी होईल तिची. खांद्याचं दे, शिरा आणि चरबीसकट. नळ्याही टाक दोन."

"तुमच्यापुढे काय बोलायचं," तो म्हणाला. मी श्वास रोखून तुकडे दाबून पाहिले. बोटे आणि डोळे अजून माझे होते, एवढे समाधान.

तर सकाळी मुलीची बोलणी खाऊन मी झाकण लावले. हेसुद्धा कवळीचे माप द्यायला दवाखान्यात निघाले होते. तिथे दिवस जाणार होता. निघताना मी आणखी एकदा काचेतून पाहिले, पण हात लावला नाही.

संध्याकाळी सहाला परत आले तर हे आधीच घरी होते आणि घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

"एवढ्या खिडक्या कशाला उघडल्या?"

"जरा हवा," ते म्हणाले.

उंदीर होताच. आज तो जरा आंबूसही झाला होता आणि दारापर्यंत आला होता. मी म्हटले, दिवसभर कोंडलेला, येणारच. नाकातोंडाला रुमाल बांधला आणि झाकण उचलले. रस्सा बुडबुडत होता. वर तेलाचा लाल तवंग, रंग दाट तपकिरी. चमचा लावला तर मांस हाडावरून आपोआप सुटून आले. डोळ्यांना तरी त्यात काही खोट काढता येत नव्हती. सकाळच्या त्या आंबोणाचे हे झाले, म्हणून मी त्या भांड्याची मनात माफीसुद्धा मागितली.

मी यांना वाढले. पाव कुस्करून रश्श्यात बुडवला आणि समोर बसले. त्यांनी मटणाचा एक तुकडा चमच्याने चिरडला, तोंडात घातला आणि हिरड्यांनी घोळवला.

"कसं झालंय?"

"मऊ," ते म्हणाले. "एकदम मऊ."

"आणि चव?"

"मऊ आहे गं अगदी."

ठमीचे तोंड मला पाठ होते. पण दात गेल्यापासून यांचे तोंड सुरकुतलेल्या पिशवीसारखे मिटले होते, त्यावर काही वाचता येत नसे. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, वर पाणी प्यायले. तिसरा घेतला, पुन्हा पाणी. चौदा महिन्यांनी मी कुणाला मनापासून वाढत होते. मला हसू येत होते, आणि मी ते लपवलेही नाही.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरची कपडे शिवणारी बाई पातेली घेऊन दारात उभी होती.

"ताई, वाटीभर दूध आहे का हो? आमचं नासलं सगळं. सकाळी सातला लाइट गेली ती दोनला आली. माझं तर मशीनही..." बोलता बोलता तिचा हात नाकावर गेला. "अगं बाई! हा कसला वास? काही मेलंय का घरात?"

मी दूध दिले की नाही, दार कसे लावले, काही आठवत नाही. सात ते दोन. सात तास ते मटण त्या जाड भांड्यात कोमट बसून होते, आणि मग लाइट आल्यावर बटणाने इमानाने ते शिजवले होते. कॅन्टीनमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत आले होते, "उकळतं ठेवा नाहीतर गार ठेवा. कोमट म्हणजे विष." सव्वीस वर्षे सांगितले, आणि स्वतःच्या नवऱ्याला तेच वाढले.

आत आले तर हे चौथा तुकडा चिरडत होते. मी ताट ओढून घेतले.

"तुम्हाला वास आला होता?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "घरात पाऊल टाकलं तेव्हाच."

"मग खाल्लंत कशाला? सडलंय ते!"

"सडलंय हे नव्हतं माहीत. मला वाटलं, तुझ्या नाकामुळे मसाल्यात काहीतरी इकडचं तिकडे झालं असेल."

"म्हणून खायचं? थुंकून टाकायचं नाही?"

"तू समोर बसून बघत होतीस," ते म्हणाले. "मग कसं थुंकायचं?"

पुढच्या दहा मिनिटांत ते सगळे बेसिनमध्ये आले. मी त्यांचे कपाळ धरून उभी होते. पांढरट हिरड्यांमधून मटणाचे तंतू लोंबत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि तशातही ते एका हाताने मला, "काही नाही, काही नाही," असे खुणावत होते. मला उलटीची किळस आली नाही. माझी आली. रोजच सगळ्याला मेल्याचा वास येत असेल, तर खरोखर मेलेले मला कळणार कसे, हा साधा प्रश्न चौदा महिन्यांत मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

आणि मग गेला गुरुवार आठवला. गुरुवारी ठमीचा मुलगा आजारी होता, ती आली नव्हती. गुरुवारी कॅन्टीनमध्ये कोंबडी होती. मी पिशव्या फोडल्या, मला उंदीर आला, आणि मी ती शिजवली. दोनशे चाळीस माणसांनी खाल्ली. कुणाला काही झाले नाही, ते त्या कोंबडीच्या पुण्याईने. माझे त्यात काही नव्हते. मी बेसिनच्या कडेला धरून खाली बसले.

मटण दोन पिशव्यांत बांधून खाली टाकून आले. मुलीचा फोन आला, "कसं झालं गं?" मी म्हटले, "मऊ झालं," आणि फोन यांच्याकडे दिला.

सकाळी यांना बरे होते. मीठ-साखरेचे पाणी पीत उशीला टेकून बसले होते. मी कॅन्टीनमध्ये गेले ती ॲप्रन न बांधता थेट मॅनेजरच्या टेबलापाशी. जाता जाता पळी उचलली होती, ती टेबलावर ठेवली आणि तापापासून गुरुवारपर्यंत सगळे सांगितले. मॅनेजर माझ्या मुलीच्या वयाचा. ऐकता ऐकता त्याने खुर्ची थोडी मागे सरकवली.

"मावशी, चौदा महिने? आणि कुणाला काही झालं असतं म्हणजे?"

"म्हणूनच सांगतेय."

"आता ऐन वेळी कुणाला उभं करू मी?"

"ठमीला. तिला सगळं येतं."

"तिला कुणी शिकवलं?"

मी टेबलावरची पळी त्याच्याकडे सरकवली. "मोरीवर बाई कमीच आहे," म्हटले, "मी तिथं जाते."

मोरीची फरशी बुळबुळीत असते. जाळीत भाताची शिते, कांद्याच्या साली, कुणीतरी चोखून टाकलेले हाड. सव्वीस वर्षे तिथे पाय ठेवताना मी नाक मुरडले होते. आता तिथेच उकिडवी बसून पातेली घासायला घेतली. नव्या बायका माझ्याकडे चोरून बघत होत्या. बघू देत.

साडेअकराला मटणाचा रस्सा होत आला. ठमी मोठ्या पातेल्यापाशी उभी होती, पळी दोन्ही हातांनी धरून. तिने झाकण उचलले. वाफ माझ्यापर्यंत आली, उंदीर आला, आणि माझे तोंड आपोआप वाकडे झाले. ठमी माझ्याकडेच बघत होती. ती पांढरीफटक पडली.

"खराब आहे का, मावशी?"

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस? तुला नाक दिलंय ना देवानं? त्याला विचार."

ती वाकली. मी नळ बंद केला. तिच्या नाकपुड्या फुलल्या, डोळे मिटले, आणि ती बराच वेळ तशीच राहिली.

"झालंय," ती म्हणाली.

माझा हात सवयीने शेगडीकडे गेला. तो कोपरापर्यंत फेसाने भरला होता आणि शेगडी चार पावलांवर होती. ठमीने गॅस बंद केला. मी नळ सोडला आणि पुढचे पातेले ओढले.