लाल बटन

"दाबलं! अजून एकानं दाबलं!" अपूर्व ओरडला आणि प्रतापनगरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात टाळ्या पडल्या. तर्री-पोह्यांच्या प्लेटा तशाच हातात राहिल्या.

मी एक ड्रेसिंग उरकून नुकतीच आले होते. या अपूर्व आणि नूपुरचं ॲप आहे. आदल्या दिवशी सांगितलं की घरी नर्स येते. ती नर्स म्हणजे मी आणि माझ्यासारख्या आणखी दोघी. आज भिंतीवरच्या पडद्यावर मात्र एक नवं लाल बटन दिसत होतं : 'तातडीची नर्स, एका तासात घरी.'

"हे कधी सुरू झालं? आमाले तर कोणी सांगतलं नाही."

"सुरू कुठं झालंय, प्रीतीताई? टेस्ट आहे," अपूर्व म्हणाला. "लोकांना हवंय का ते आधी बघायचं, मग बनवायचं."

"अन् ज्यानं दाबलं, त्याच्या घरी कोण जाऊन राह्यलं?"

"कोणीच नाही. 'आपली विनंती मिळाली, धन्यवाद' असा मेसेज जातो. बस."

"आणि हा बघ," नूपुर पोह्यांवर तर्री ओतत म्हणाली, "सकाळपासून दाबतोच आहे. याला म्हणतात खरी मागणी!"

मी नाव वाचलं. मारोतराव, गोपाळनगर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या बायकोचं, इंदूबाईंचं, अर्धं अंग लुळं आहे. त्यांच्या पाठीची जखम मी महिनाभर धुतली, तेव्हा कुठे ती भरत आली होती.

"तो म्हातारा हौस म्हणून नाही दाबून राह्यला! फोन करा त्याईले. सांगा, कोणी येत नाही म्हणून."

"आत्ता सांगितलं तर टेस्ट बिघडेल. संध्याकाळी सगळ्यांना सॉरी पाठवू ना."

"टेस्ट बिघडन? मानूस मेला तरी चालन, टेस्ट नाही बिघडली पायजे! सोताच्या आजीवर करा ना मंग असली टेस्ट!"

अपूर्वच्या मागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लवकर चुका, स्वस्तात चुका.' वा रे शहाणे! चुकणार तुम्ही आणि स्वस्त कोण, तर मारोतराव. ही पोरं दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी मोकळ्या मनानं देता आल्या असत्या. मी बॅग उचलली आणि स्कूटीला किक मारली.

गोपाळनगरात दार उघडंच होतं. इंदूबाई पलंगावरून घसरून खाली पडल्या होत्या. त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवून मारोतराव शेजारी फरशीवर बसले होते, हातात फोन.

"आली का वं बाई! पाह्य इंदे, म्हटलं होतं ना मी, येतात म्हणून!"

दोघांनी मिळून त्यांना कसंबसं पलंगावर घेतलं. पाठीची जखम पुन्हा उघडली होती. मी ती धुतली, पट्टी केली. इंदूबाई एकदाही कण्हल्या नाहीत, त्याचाही मला रागच आला.

हात धुवायला मी स्वयंपाकघरात गेले. मारोतराव मागोमाग आले.

"शेजारच्याले नाही बलावलं काहून, बाबा?"

"श्रीधर डुटीवर जाता जाता ईचारून गेला ना. म्हटलं, जाय गा तू, नर्स येऊन राह्यली." त्यांनी फोन पुढे केला. "इथं तारे द्याचे असते ना? पाच देतो. कुठं दाबू?"

तो फोन फरशीवर आपटावासा वाटला मला.

"बाबा, मले कोणी नाही धाडलं. मी माह्या मनानं आली. त्या बटनामागं कोणीच नाही. तुमच्यासारखे किती जण दाबतात, ते मोजून राह्यले ॲपवाले."

मारोतरावांनी फोनकडे पाहिलं.

"पन विनंती मिळाली, असं येत होतं..."

"हो, बाबा."

मग त्यांनी स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलं.

"तिले सांगजो नको," ते हळूच म्हणाले. "सकाळपासून तिले म्हनून राह्यलो, येतात, येतात."

त्यांनी फोन खिशात घातला आणि बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "दिले वं, इंदे. पाचही दिले."