जागा कुणाला सांगायची नाही

क्लाइव्ह दुपारी जेवायला आला नाही, तेव्हा डोरीन आधी चिडली. काळजी वाटायला लागली ती नंतर.

तिने ब्रेडमध्ये कालचं थंड मटण आणि बीट घालून ताटली झाकून ठेवली होती. कॅरॅव्हॅनच्या सावलीत खुर्ची टाकून ती माश्या हाकलत बसली. सावली सरकली तशी खुर्ची सरकवली. मग सावली कॅरॅव्हॅनच्या दुसऱ्या बाजूला गेली, तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. हंगाम संपत आला होता, ऊन भाजून काढत होतं, सोनं शोधणाऱ्यांचा हा तळ सोडून निम्मे लोक दक्षिणेला गेले होते. आणि क्लाइव्हच्या हृदयात गेल्या वर्षीच जाळी बसवलेली.

हे सोन्याचं खूळ मुळात घरचं नव्हतंच. क्लाइव्ह आयुष्यभर ॲडलेडला शाळेची बस चालवायचा. निवृत्त झाला आणि दोघं कॅरॅव्हॅन जोडून देश बघायला निघाली. वाटेत एका नदीकाठी कुणा भल्या माणसाने त्याच्या हातात पसरट तवा दिला, पाण्यात वाळू कशी घोळायची ते शिकवलं आणि तव्याच्या कडेला दोन पिवळे कण चमकले. झालं! माणूस कामातून गेला. पुढच्याच गावात जमिनीतला धातू हुडकणारं मशीन घेतलं, कानाला हेडफोन लावले आणि मान खाली घालून रानोमाळ फिरायला लागला. मिळायचं काय? खिळे, बाटल्यांची बुचं, सार्डिनच्या डब्याची झाकणं. "काय रे क्लाइव्ह, आज घर बांधण्याइतके खिळे झाले की नाही?" असं तळावर रोज कुणीतरी विचारायचं, आणि तोही हसायचा.

मग गेल्या आठवड्यात तुरीच्या डाळीएवढा सोन्याचा खडा मिळाला, आणि त्याचं हसणं बंद झालं. शेकोटीभोवती खडा या तळव्यावरून त्या तळव्यावर फिरला. सगळ्यांनी वाहवा केली, पण कुठे मिळाला ते एकानेही विचारलं नाही. इथे तसं विचारत नाहीत. ज्याची जागा त्याची, आणि दुसऱ्याच्या जागेवर चोरून जाणारा माणूस तळावर चहालासुद्धा बोलवायच्या लायकीचा राहत नाही. रात्री आत आल्यावर दार लावून क्लाइव्ह डोरीनच्या कानात कुजबुजला, "बॉबची घळ. पण कुणाला बोलायचं नाही हं." तिला बाई केवढं बरं वाटलं होतं. आपल्या दोघांचं काहीतरी गुपित आहे, या वयात! बेवसमोर ते दोनदा जिभेच्या टोकावर आलं, पण तिने कसंबसं गिळलं.

आता गुपित गेलं खड्ड्यात. ती तरातरा शेजारच्या कॅरॅव्हॅनपाशी गेली.

"बेव, क्लाइव्ह आला नाही गं अजून."

बेव विणकाम करत होती. तिने डोरीनचं तोंड पाहिलं आणि सुया खाली ठेवल्या. "ट्रेव्हर!" तिने नवऱ्याला हाक मारली. "ऊठ! घोरायचं नंतर."

ट्रेव्हरने वॉकीटॉकीवर क्लाइव्हला हाका मारून पाहिल्या. खरखर, बाकी काही नाही. मग सॅटेलाइट फोनवरून पोलिसांना कळवलं. ते म्हणाले निघतो, पण पोहोचेपर्यंत अंधार पडेल आणि हेलिकॉप्टर उद्या उजाडल्यावर. उद्या!

"कुठे गेलाय ते ठाऊक आहे का?" ट्रेव्हरने विचारलं.

"बॉबची घळ," ती एका दमात म्हणाली.

तळावरच्या सगळ्या गाड्या निघाल्या. बॉबच्या घळीच्या तोंडाशी क्लाइव्हची पांढरी गाडी दिसली तेव्हा डोरीनला रडूच फुटलं, सुटकेचं. पण गाडीत कुणी नव्हतं. पुढच्या सीटवर वॉकीटॉकी पडलेला, बंद. आणि त्याच्या शेजारी पाण्याचा कॅन. भरलेला! मूर्ख माणूस! थोडंसंच लांब जायचं म्हणून छोटी बाटली घेऊन गेला असणार, आणि मशीन वाजायला लागलं की त्याला तहान कुठे कळते?

सगळे घळीत पसरले. हॉर्न वाजवले, नावाने हाका मारल्या. लाल माती, काटकुळी मुल्गाची झाडं, सगळीकडे तेच ते. डोरीन इतकी ओरडली की तिचा आवाज बसला. हेडफोन लावून तो इथेच कुठेतरी पाठ करून उभा असेल आणि आपण ओरडतोय ते त्याला ऐकूच येत नसेल, असं तिने मनाला समजावलं. देवा, तसंच असू दे, सापडला की मग मीच त्याला बडवते.

ट्रेव्हर परत आला तो मान हलवत. "डोरीन, या घळीत मशीन फिरलेलंच नाही. एक ताजा खड्डा नाही की माती खरवडल्याची खूण नाही. तो इथे नव्हताच."

"अरे पण गाडी?"

"गाडी इथे लावली आणि दुसरीकडेच चालत गेला. कुणी माग काढू नये म्हणून. आम्ही सगळेच करतो तसं." तो ओशाळून म्हणाला.

डोरीन गाडीच्या बंपरवर बसली. म्हणजे तळाला फसवण्यासाठी गाडी इथे, आणि बायकोला फसवण्यासाठी नाव इथलं. मला? मला सुद्धा? ज्या तोंडाने रोज गोळ्या मागतो त्याच तोंडाने? तिला इतका राग आला की क्षणभर भीतीही मागे पडली. मग सूर्याकडे लक्ष गेलं. तो कलायला लागला होता, आणि चारही दिशांना नुसतं रान. राग कुठल्या कुठे गेला.

माणसं तिच्याभोवती जमली होती. कुणी म्हणे उत्तरेला जाऊ, कुणी म्हणे रस्त्याच्या पलीकडे. ज्याचा त्याचा नुसता अंदाज. डोरीन उठली.

"ऐका माझं," ती बसक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही सगळी चांगली माणसं आहात. पण सोन्यापुढे कोण किती चांगला राहतो ते मी घरीच पाहिलंय. तो खडा तुम्ही हातात घेतलात तेव्हा तुमचे डोळे मी बघितलेत. तुमच्यातला कुणीतरी माझ्या क्लाइव्हच्या मागावर गेला असणार. गेलाच असणार! मी त्याला काही बोलणार नाही. कुणी बोललं तर त्याला माझ्याशी गाठ आहे. फक्त एवढं सांगा, क्लाइव्ह कुठे जातो? चोर असेल तर चोर, पण आज मला तो चोरच हवाय."

बेवने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. ट्रेव्हरने घाईघाईने मान हलवली, मी नाही. माश्या तोंडावर बसत होत्या, त्यासुद्धा कुणी हाकलेना. डोरीनला वाटलं, संपलं सगळं.

"काल गेलो होतो मी," मागून कुणीतरी म्हणालं.

म्हातारा नॉर्म. त्याच्या हातून कित्येक जण मशीन शिकले होते, क्लाइव्हसुद्धा. दुसऱ्याच्या जागेवर पाय ठेवायचा नाही, हे प्रत्येक नवख्याला दम देऊन सांगणारा तो नॉर्म. मागच्याच हंगामात त्याने एकाला याच गुन्ह्यासाठी तळावरून हाकलून दिलं होतं.

"तू?" ट्रेव्हरच्या तोंडून निघून गेलं.

"हो, मी. माझी लाज काढायला आलायत की माणूस शोधायला?" नॉर्मचं तोंड लालभडक झालं होतं. "नवखा माणूस, पावलं पुसायला मागे फांदी ओढत गेला. पावलांपेक्षा त्या फांदीचीच रेघ ठळक! वाऱ्याने गेली असेल ती आता. पण जागा मला माहीत आहे. दोन टेकड्यांच्या पलीकडे. बस गाडीत, डोरीन."

ती बसली. नॉर्मने गाडी अशी पिटाळली की तिचे दात वाजले. वाटेत तो एकदाच बोलला. "मी काही उचललं नाही गं तिथून. नुसता बघून आलो." डोरीनने त्याच्या हातावर हात ठेवला. उचललं असतंस तरी चाललं असतं रे बाबा, ती मनात म्हणाली. जरा जोरात चालव.

दुसऱ्या टेकडीपलीकडे, जुन्या खाणवाल्यांनी खणून सोडलेल्या एका खड्ड्याच्या कडेला क्लाइव्ह पडला होता. घोटा उलटा वळलेला. सावलीसाठी सदरा डोक्यावर ओढलेला. डोरीन धावली, पडली, पुन्हा उठली. तिने सदरा ओढला. ओठ फुटलेले, डोळे मिटलेले.

"क्लाइव्ह! अरे, क्लाइव्ह!"

डोळे उघडले. तिने ओला रुमाल त्याच्या तोंडात पिळला, थोडं थोडं करून पाणी पाजलं. त्याने घोट घेतला, तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि पुटपुटला, "हा नॉर्म इथे कसा?"

"तुझ्या नशिबाने!" ती ओरडली, आणि त्याला मिठी मारून ढसाढसा रडली.

त्याला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं तिच्या मांडीवर. नॉर्म वॉकीटॉकीवर बाकीच्यांना, आणि त्यांच्याकरवी पोलिसांना वाट सांगत होता, मोठ्याने, एकेक वळण, एकेक टेकडी. क्लाइव्ह कळवळला. पायाने की जागा गेली म्हणून, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"मला का नाही रे सांगितलंस?" ती हळूच म्हणाली.

त्याने डोळे मिटून घेतले. "तू बेवला सांगितलं असतंस."

डोरीनला फणकारून नाही म्हणायचं होतं. पण खोटं बोलायचं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं.

"सांगितलं असतं," ती त्याच्या केसांतली लाल माती झाडत म्हणाली. "एव्हाना सांगितलंच असतं. बेवने ट्रेव्हरला सांगितलं असतं, आणि आज सकाळपासून अख्खा तळ मशीनं घेऊन तुझ्या उरावर उभा असता. एक मिनिट एकटा पडला नसतास, मेल्या."