खोड न विचारणारं गिऱ्हाईक

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक म्हैस मनात आणा. रेडकू नको, चांगली दांडगी म्हैस. शिंगं मागे वळलेली, रंग काळ्यापेक्षा भुरकट, शेपटीला वाळलेला चिखल. आता तिच्या कासेखाली बादली ठेवा आणि तुम्ही उकिडवे बसा. बसलात? मग उठा लवकर. ही भुरी लाथ मारते. बादली एकीकडे, तुम्ही दुसरीकडे आणि दूध मातीत.

सगळ्या गावात एकच माणूस तिच्याखाली बसू शकत होता, ती म्हणजे मुंगीची आई. मुंगी म्हणजे त्या घरातली मुलगी. अंगाने एवढीशी आणि एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यावरून हे नाव पडलं ते पडलंच. आई कपाळ भुरीच्या पोटाला टेकवून बसायची, काहीतरी पुटपुटायची, आणि तीच भुरी गायीहून गरीब व्हायची.

पण आईच्या डोळ्यांत सारा, म्हणजे मोतीबिंदू, आला होता. चुलीवरचं पातेलं उतू गेलं तरी तिला आवाजाने कळायचं. ऑपरेशन ठरलं, त्यासाठी दुधाच्या पैशांतून साठवलेली रक्कम आईच्या खात्यात तयार होती. डॉक्टरांनी बजावलं, नंतर बरेच दिवस वाकायचं नाही, गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. मग भुरीला पिळणार कोण? म्हणून भुरीला विकायचं ठरलं, आणि त्यावरूनच नवरा-बायकोत रोज जुंपायची.

"अहो, ती लाथ मारते हे आधीच सांगून टाका," आई म्हणायची.

"सांगून टाका," आबा तिची नक्कल करायचे. "सांगून टाकलं की अर्धी किंमत गेली. घेणारा काय डोळे घरी ठेवून येतो? बघेल त्याचं तो."

आबांना गाव दमडी म्हणायचं. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा माणूस. मेथीची जुडी घेतानासुद्धा भाजीवालीला घाम फोडायचे. पण म्हशीच्या बाबतीत त्यांची विद्या चालेना. गिऱ्हाइकं आली. एकाने भुरीचा जबडा उघडून दात बघितले आणि म्हणाला, म्हातारी आहे. दुसऱ्याने खूर उचलून बघितले आणि म्हणाला, लंगडेल. तिसरा जाणता निघाला, तो सरळ बादली घेऊन खाली बसला. त्याला गव्हाणीतून बाहेर काढायला दोन माणसं लागली.

गुरं घेणारा माणूस असाच असतो, मुलांनो. तो कधी कौतुक करत नाही. सोन्याची म्हैस दाखवली तरी तिला हाडांची मोळी म्हणेल. खोड काढल्याशिवाय मोल पाडता येत नाही, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं.

शेवटी आबांनी मुंगीकडून भुरीचा फोटो काढून घेतला, तिची मागची बाजू येणार नाही असा, आणि फोनवरच्या गुरांच्या बाजारात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. ऊन असं होतं की अंगणातली माती पायाला चटके देत होती. वारा पडला होता, कोंबड्याही सावलीला चोची उघड्या टाकून बसल्या होत्या. ओसरीवर आई धान्य निवडत होती, म्हणजे हाताने खडे चाचपत होती. फोन तिचाच होता, कारण डेअरीचे पैसे तिच्या नावावर यायचे. मुंगीने फोनचा आवाज मोठा केला.

"नमस्कार मालक," पलीकडचा आवाज तुपात घोळलेला. "म्हशीचा फोटो बघितला. पसंत आहे. किंमत तुम्ही म्हणाल ती."

आबांनी मनातल्या किमतीवर आणखी पाव हिस्सा चढवून आकडा सांगितला. मग मिशीवरून हात फिरवत घासाघिशीला सज्ज झाले.

"ठीक आहे," आवाज म्हणाला.

अंधारात पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं आबांचं झालं. पण क्षणभरच. लगेच चेहरा फुलला. त्यांनी आईकडे बघून भुवया उडवल्या.

"आमच्या साहेबांचा नवा गोठा आहे, मालक. मोठा. मला बघायला यायला सवड नाही. टेम्पो संध्याकाळी येईल, पैसे मात्र आत्ताच देऊन टाकतो. व्यवहार चोख बरा."

बघायलाच येणार नाही. आबांना हर्षाने उचकी लागायची बाकी होती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मुंगीला डोळ्यांनीच दटावलं, लाथेचं नाव काढायचं नाही.

"पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल," आई सुपातून मान वर न काढता म्हणाली.

"गप गं."

फोन टुणकन वाजला. खात्यात थोडे पैसे आले होते, अगदी चहापाण्यापुरते.

"खात्री पटावी म्हणून आधी थोडे टाकले," आवाज म्हणाला. "आता ठिपक्याठिपक्यांचं एक चौकोनी चित्र पाठवलंय. ते स्कॅन करा, तुमचा पिन टाका, बाकीची रक्कम जमा. बरं का, लवकर, साहेब थांबलेत."

"बघितलंस? आले पैसे," आबा आईच्या कानाशी पुटपुटले. "सांग पिन."

आईने सूप खाली ठेवलं. "डेअरीचे पैसे येतात तेव्हा मला कोणी पिन विचारत नाही. दुकानात देताना लागतो तो."

"अगं, ही मोठी रक्कम आहे. मोठ्या रकमेची रीत वेगळी असेल."

"असेल म्हणजे? आहे का असेल?"

"मालक?" फोनमधून आवाज आला. "काही अडचण? विकणारे रांगेत आहेत माझ्याकडे म्हशी घेऊन. तुमची नको असेल तर तसं सांगा."

"नाही नाही, साहेब. अडचण कसली? मुंगे, घे तो फोन. आईकडून पिन घे आणि टाक."

मुंगीने फोन घेतला. आईला अक्षरं दिसत नव्हती, आबांना चष्मा लागत होता आणि तो घ्यायला ते तयार नव्हते. त्यामुळे घरातले डोळे म्हणजे मुंगीच. स्क्रीनवर चौकोन होता, खाली रक्कम होती आणि रिकामी घरं होती. पण तिला ते काही दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे त्या साहेबांच्या गोठ्यातला गडी होता. बिचारा बादली घेऊन खाली बसेल. गव्हाणीत पडेल. डोकं फुटलं तर?

"काका," ती फोनमध्ये म्हणाली, "भुरी लाथ मारते. आईशिवाय कुणाला बसू देत नाही."

आबांचा हात वर गेला. मारायलाच गेला होता तो.

"चालेल, बाळ," आवाज म्हणाला. "पिन टाकलास का?"

हात तिथेच राहिला. आबांनी उभ्या आयुष्यात बाजारात सगळं ऐकलं होतं, शिव्या, शपथा, रडगाणी. लाथ मारणाऱ्या म्हशीला चालेल म्हणणारा माणूस त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी हात हळूच खाली घेतला आणि मुंगीच्या हातातून फोन काढून घेतला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"साहेब, पोर खरं बोलली. शिवाय एक सड बंद आहे तिचं."

"हरकत नाही मालक. पिन टाका फक्त."

"दोन वर्षं गाभण राहिली नाही."

"चालतं हो. आमच्याकडे डॉक्टर आहेत."

आबांनी आईकडे पाहिलं. आईच्या ओठांचा कोपरा हलला.

"आणि साहेब, आधीच सांगतो, मागून भांडण नको," आबा गंभीरपणे म्हणाले. "तिला पाय तीनच आहेत."

"काही काळजी करू नका," आवाज घाईने म्हणाला. "उचलून न्यायला माणसं आहेत आमची. तुम्ही तेवढा पिन..."

मुंगीला हसू आवरेना, तिने फ्रॉक तोंडात कोंबला.

"तीन पायांवर उभी राहून लाथ कोणत्या पायाने मारते, ते तरी विचार की रे गड्या," आबा म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

तो लगेच पुन्हा वाजला. आता आवाजातलं तूप पार आटलं होतं. आमचे पैसे घेऊन बसलात, केस करीन, पोलीस दारात आणीन, टेम्पोचं भाडं वसूल करीन. मुंगी घाबरून आईला चिकटली.

"ये की टेम्पो घेऊन," आबा म्हणाले. "म्हैस दावणीला आहे. दात मोजून घे. आणि तुझे ते चहापाण्याचे पैसे बँकेत जाऊन दाखवतो, कुठून आले ते त्यांनाच विचारतो." मग आईने फोन मागून घेतला आणि चाचपत तो बंदच करून टाकला.

संध्याकाळ झाली. टेम्पो आला नाही, येणारच नव्हता. आबा गोठ्याच्या उंबऱ्यावर नुसते बसून होते. मुंगी जवळ जाऊन बसली.

"आबा, वाचलो ना आपण? मग तोंड का पाडलंय?"

"मला वाटलं, मी त्याला टोपी घालतोय," आबा म्हणाले. "तो माझ्याच मापाची शिवून बसला होता. मी लाथ लपवत होतो ना, म्हणून तो बघायला येत नाही याचा मला आनंद झाला. नाहीतर पहिल्या वाक्याला फोन ठेवला असता." ते मुंगीकडे वळले. "हे बाहेर बोलायचं नाही हं. दमडी फसत होता म्हणून गाव वर्षभर हसेल."

मुंगीने मान हलवली, पण ती हो ची होती की नाही ची, ते अंधूक उजेडात कळलं नाही.

सकाळी आईने आपली जुनी शाल आबांच्या अंगावर टाकली, डोक्यावरून ओढून दिली आणि त्यांना भुरीखाली बसवलं. शालीला आईचा वास होता. भुरीने मान वळवून हुंगलं, नाक फुरफुरवलं. दोन वेळा आबा बादलीसकट उताणे झाले. तिसऱ्यांदा भुरीने कंटाळून पिळू दिलं. ऑपरेशनचे पैसे खात्यात जागच्या जागी होते, म्हैसही दावणीला होती, आणि आबांच्या मांडीवर खुराचा निळा ठसा होता.

मग आबा आणि दप्तर पाठीला अडकवलेली मुंगी डेअरीवर गेले. डेअरीवर रांग होती. किटल्या, कॅन, गप्पा. पायाखाली सांडलेल्या दुधाने मातीचा चिकट चिखल झालेला. "दमडी, लंगडतोस का रे?" कोणीतरी विचारलं.

आबा काही बोलायच्या आतच मुंगीने कॅन खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. चढवलेली किंमत, ठिपक्यांचं चित्र, पिन, तीन पाय. आबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग आभाळाकडे. तीन पायांपाशी लोक असे हसले की एकाच्या किटलीचं झाकण घरंगळत गेलं.

एक माणूस हसला नाही. गाडीवान आजोबा. त्यांची बैलगाडी कुण्या हॉटेलवाल्याने शोभेसाठी घेतली होती, चांगली किंमत देऊन, असं ते परवापासून सगळ्यांना सांगत होते.

"मुंगे," ते म्हणाले, "तुमच्याकडचाही टेम्पो संध्याकाळीच यायचा होता का गं?"

"हो, आजोबा."

"गाडीची चाकं बघायला तो आलाच नाही," आजोबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "एका चाकाचा आरा मोडका आहे, तो मी चिखल लावून झाकला होता. त्याने विचारलंच नाही." त्यांनी किटली दोन्ही हातांनी धरली होती. "घरात अजून म्हातारीला सांगितलेलं नाही. पिन मीच टाकला."

मागून एकाने सुरू केलं, "तरी मी म्हणतच होतो, या वयात फोन..."

"तू गप रे," आबा म्हणाले. "काल माझं बोट पिनपाशीच होतं. हसायचं तर मला हसा." मग ते आजोबांकडे वळले. "आजोबा, पहिलं बँकेत, मग चौकीत. आत्ताच्या आत्ता. फोनमधलं काही पुसू नका. जितका उशीर, तितके पैसे लांब पळतात."

"बँकेत काय तोंडाने सांगू?" आजोबा जागचे हलले नाहीत. "काचेमागची पोरं हसतील."

मुंगीने दुधाचा कॅन आबांच्या पायाशी सरकवला. दप्तर पाठीवरून काढून त्यांच्या खांद्याला अडकवलं. मग आजोबांच्या हातातली किटली घेऊन रांगेत ठेवली आणि त्यांचं बोट धरलं.

"मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं हो म्हणा."

आणि शाळेची घंटा वाजत असताना ती त्यांना घेऊन बँकेच्या रस्त्याला लागली.