भिंतीवरली रिकामी जागा

श्रावण गावंडे दालनात शिरला तेव्हा रुक्माबाईनं उजवा हात चुन्याच्या बादलीत मनगटापर्यंत बुडवला आणि तिथंच ठेवला. चुना झोंबत होता. तिनं हात काढला नाही.

"वा, मावशी," तो भिंतीसमोर थांबून म्हणाला. "अगदी तशीच झाली. हत्ती तर जसाच्या तसा."

यवतमाळच्या त्या नव्या कलादालनात मधोमध तुराट्यांचा कूड उभारला होता. काल तिनं आणि गावातल्या तानाबाईनं तो शेणामातीनं लिंपला, आज सकाळी त्यावर गेरू दिला, आणि दुपारपासून रुक्माबाई चुन्यानं हत्ती, मोर, भालदार-चोपदार काढत होती. लग्नघराची भिंत. चारही बाजूंना श्रावणची मोठाली चित्रं टांगलेली होती. प्रत्येकात हीच भिंत होती आणि भिंतीवर नवरीच्या उजव्या हाताचा ठसा. त्यातलं मधलं बोट अर्धंच.

श्रावणनं तिच्याकडे पाहिलं. पांढरे केस, चिखलानं भरलेलं लुगडं, वाकलेली पाठ, एवढं त्याला दिसलं असावं. मग त्यानं भिंतीवर काढलेल्या दाराशेजारची वीतभर जागा दाखवली.

"इथं मात्र काही काढू नका. ही जागा रिकामी राहू द्या."

"काहून जी?" तानाबाईनं विचारलं.

"इथं तिचा हात होता. माझ्या होणाऱ्या बायकोचा. लग्नाच्या आदल्या दिवशी गेली बिचारी."

रुक्माबाई बादलीकडे बघत म्हणाली, "कायनं गेली?"

"तापानं, मावशी. तीन दिवसांचा ताप."

"अरेरे."

त्यानं मान हलवली, घड्याळ पाहिलं आणि दाराशी उभ्या असलेल्या प्रेरणाकडे गेला. दालनाची सगळी व्यवस्था ती पोरगी बघत होती. भिंत कशी हवी याचा फोटोही तिनंच दिला होता. रुक्माबाईनं तो एकदाही उघडून पाहिला नव्हता.

ताप कुणालाच आला नव्हता.

बावन्न वर्षांपूर्वी महागावकडच्या खेड्यांमधून श्रावण लग्नघरांच्या भिंती रंगवत फिरायचा. स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा नवरीच्या घरची भिंतही मीच रंगवीन म्हणून हटून बसला. नवरदेवच भिंत रंगवते, म्हणून गाव हसलं. सगळं रंगवून झाल्यावर त्यानं रुक्माला हात मागितला. तिनं तो मागं लपवला. लहानपणी गवत कापताना विळ्यानं तिचं मधलं बोट अर्धं नेलं होतं.

"असू दे ना," तो म्हणाला होता. "पातळ चुना ओला असते तवर लाजते. वाळला का मंग बोलते."

खरंच, तेव्हा भिंतीवर काही उमटलं नाही. तास-दोन तासांनी हात पांढराशुभ्र वर आला. रुक्मा त्या रात्री तीनदा उठून तो बघून आली होती.

वरात आली नाही. मांडवात पत्रावळींच्या चळती तशाच राहिल्या, भात निवला. नवरदेव चित्रकलेच्या शाळेसाठी मुंबईला निघून गेल्याचं दोन दिवसांनी कळलं. बापानं भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. पण दर पावसाळ्यात ओल आली की आतला गेरू फुटून यायचा आणि त्यात तेवढा पंजा पांढरा राहायचा. आई भिंतीकडे पाठ करून भाकरी थापायची. रुक्माला बघायला येणाऱ्या बायका आधी तिची बोटं पाहत आणि मग विचारत, "आन् त्यानं काहून सोडली मंग?" तीन वर्षांनी दारव्ह्याकडच्या एका बिजवरानं तिला करून घेतली. त्याची दोन लेकरं तिनं वाढवली.

एवढं सगळं तिनं पचवलं होतं. मागच्या महिन्यात नात राखी पेपरातली श्रावणची मुलाखत मोठ्यानं वाचत होती. 'ती गेली आणि माझ्यातला चित्रकार जन्माला आला.' रुक्माबाई तुरीची डाळ निवडत होती. ती निवडतच राहिली. त्या दिवशीच्या वरणात मात्र सगळ्यांच्या दाताखाली खडे आले.

जुन्या पद्धतीनं लिंपणाऱ्या बायका शोधत प्रेरणा गावात आली तेव्हा रुक्माबाई कुणी विचारायच्या आधीच म्हणाली, "मी येतो."

"चाल वो, हात धू," तानाबाई आता म्हणाली. "चा आला. पाच वाजता पावने येतीन."

रुक्माबाईनं हात धुतला आणि वाटीभर चुन्यात पाणी ओतलं. ताकाच्या निवळीइतका पातळ केला. उजवा तळवा त्यात बुडवून तिनं रिकाम्या जागेवर टेकवला आणि सगळा भार देऊन दाबून धरला.

"अवो! त्यानं नाई म्हटलं ना?"

"दिसून राह्यलं का काही?"

तानाबाईनं वाकून पाहिलं. गेरू जरासा ओला झाला होता, बस. "नाई."

"मंग?"

तानाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग समोरच्या चित्राकडे. मग पुन्हा तिच्या हाताकडे. हे बोट ती चाळीस वर्षं शेतात शेजारच्या तासात निंदताना बघत आली होती.

"अवो माय," ती हळूच म्हणाली. "आन् मले वाटलं तू सत्काराच्या साडीसाठी आली." जरा वेळानं तिनंच रुक्माबाईचा पदर ओढून त्या हातावर घातला. "झाकून ठेव. आत्ताच नको."

साडेपाचला दालन भरलं. भिंतीवर दिवे सोडले, पंखे लावले. श्रावण भिंतीला पाठ करून माइकसमोर उभा राहिला. तो चांगलं बोलत होता. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला. भिंतीशी खाली बसलेल्या रुक्माबाईचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं. त्याच्या खांद्यामागं ओल आटत चालली होती.

"पन्नास वर्षं ही जागा रिकामी आहे," तो म्हणाला. "तो हात परत येणार नाही."

आधी तळवा आला. मग अंगठा. मग एकेक बोट. लोकांनी मोबाइल वर धरले. कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं दालन वाजवू लागलं.

टाळ्या कशासाठी ते श्रावणला कळेना. त्यानं वळून पाहिलं.

चित्रातल्या हातापेक्षा हा हात रुंद होता, भेगाळलेला. मधलं बोट अर्धं होतं.

"सर, काय कल्पना आहे!" प्रेरणा पुढं येत म्हणाली. सरांना भरून आलं, असं तिला वाटलं. तिनंच पुढचं जाहीर केलं. "ही भिंत घडवणाऱ्या दोन मावशींचा सत्कार आता सरांच्या हस्ते होईल."

रुक्माबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. श्रावणच्या डाव्या हातात माइक तसाच होता. प्रेरणानं त्याच्या उजव्या हातात नारळ ठेवला. रुक्माबाई त्याच्यासमोर आली, पदर बाजूला केला आणि दोन्ही तळहात त्याच्यापुढं पसरले.

तो त्या हाताकडे बघत राहिला. नारळ काही त्याच्या हातून सुटेना.

"द्या ना जी," ती म्हणाली. "ताप उतरला माहा."

माइक चालूच होता.