साच्यावरचा उंचवटा

देवाने देह एकदाच मापून दिला. त्यातलं काही गेलं, की माणसाच्या हाती उरतो तो नुसता अंदाज. पायमास्तरांच्या कारखान्यात असे अंदाज दिवसभर चालत. गुडघ्याखाली पाय गेलेली माणसं यायची, उरलेल्या पायाचं मोजमाप व्हायचं, त्यावरून यंत्र प्लास्टरचा साचा कोरायचं आणि त्या साच्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढून मास्तर उरलेला पाय आत बसेल अशी वाटी करायचे. वाटी नीट बसली, तर खाली पाय जोडायचा. नाही बसली, तर केलेलं सगळं फुकट.

भट्टीच्या मावशींना ती बसत नव्हती. आज तिसरी वाटी होती. चालायच्या सरावासाठी बसवलेल्या दोन दांड्यांच्या मध्ये त्या उभ्या राहिल्या, पायावर भार टाकला आणि लगेच पुन्हा खाली बसल्या. वाटी काढली, तर नडगीच्या हाडावर लालभडक वळ.

"राहू दे मास्तर," मावशी म्हणाल्या. "माझ्या कुबड्या बऱ्या. त्या निदान चावत तरी नाहीत."

"मावशी, असं काय करता? सूज उतरायला वेळ लागतो. मीठ कमी केलंत ना?"

"कमी? बंद केलंय. जन्मभर पाव भाजले मी, आणि आता स्वतःच्याच भट्टीचा घास मातीसारखा लागतो." त्यांनी पदर सारखा केला. "भाऊ येतोय न्यायला. त्याला सांगते, भट्टी तुझ्या बायकोलाच देऊन टाक. मला काही आता तिथे उभं राहता येणार नाही."

"तिचे पाव चांगले असतात म्हणे."

"असतात की. भिंत बांधायची असेल तर चांगलेच."

पायमास्तर हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. दमलेल्या माणसाने दिलेल्या पोचपावतीसारखं.

कोपऱ्यातल्या संगणकापाशी त्यांचा मेव्हणा बसला होता. आठवडाभर एका कचेरीत प्रोग्राम लिहायचे आणि सुट्टीच्या दिवशी इथे यायचं, असा त्याचा नेम. गळ्यात दोरीला पेनड्राइव्ह असायचा, म्हणून मावशींनी त्याचं नाव लॉकेट पाडलं होतं. डोळ्यांत झोप इतकी साचलेली, की चष्मा काढला तरी चष्मा घातल्यासारखाच दिसायचा.

यंत्राच्या संगणकात बाहेरचं काही भरायचं नाही, अशी यंत्रवाल्यांची सक्त ताकीद होती. एकदा भरलं होतं, तेव्हा यंत्राचा स्वतःचा प्रोग्राम रुसून बसला आणि आठवडाभर सगळ्यांचे पाय खोळंबले. म्हणून लॉकेट आपला संसार पेनड्राइव्हवर घेऊन यायचा. त्यात पायथनचा इंटरप्रिटर होता. प्रोग्रामची एकेक ओळ वाचून संगणकाकडून काम करून घेणारा मुकादमच म्हणा ना. हा मुकादम संगणकात बिऱ्हाड न थाटता पेनड्राइव्हवरूनच कामाला लागे. शिवाय पेनड्राइव्हवरच प्रत्येक कामाला वेगळी खोली, म्हणजे त्या कामापुरत्या अवजारांचा वेगळा कप्पा. मोजमाप वाचणाऱ्या प्रोग्रामला जुनी अवजारं लागत, साचा आखणाऱ्याला नवी. एकत्र ठेवली की ती भांडत.

"अशी सोय आमच्या घरात पाहिजे होती," पायमास्तर एकदा म्हणाले होते. "तुझी ताई एका खोलीत, माझी आई दुसऱ्या."

आज मात्र त्यांना थट्टा सुचत नव्हती. ते मेव्हण्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बघ काही होतंय का. नाहीतर ही बाई परत यायची नाही."

"भावोजी, मी पहिल्या वेळेनंतरच प्रोग्राम बदललाय. हाडाच्या टोकाशी उंचवटा ठेवतो आता तो. घरी पडद्यावर पाहिलाय मी." साच्यावर उंचवटा असला, की वाटीत तेवढी पोकळी राहते आणि हाड टोचत नाही. पूर्वी मास्तर तो स्वतः अंदाजाने प्लास्टरने थापायचे; मावशींच्या पहिल्या वाटीत तो कमी पडला होता. प्रोग्राम ठेवतोय म्हटल्यावर त्यांनी तो नाद सोडला होता.

"मग सूजच असणार."

"असेल." लॉकेट उठला. का उठला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बसून बसून कंबर धरली होती, एवढंच. कट्ट्यावर तिसरा साचा पडला होता. इतके महिने साचे त्याने पडद्यावरच पाहिले होते. त्याने अंगठा नडगीच्या रेषेवर ठेवला आणि खाली ओढत नेला. अंगठा घसरत गेला, सरळ, कुठेही न अडखळता.

त्याने पुन्हा नेला.

"भावोजी, यावर उंचवटाच नाहीये."

"म्हणजे? तू ठेवलास म्हणाला होतास ना?"

"ठेवलाय हो! लिहिलाय मी!"

"लिहिला असशील. साच्याला वाचता येत नाही."

लॉकेट खुर्चीत बसला. त्याने प्रोग्रामला एकच गोष्ट विचारली: तू चालतोयस कुठून? पडद्यावर उत्तर उमटलं आणि ते पाहून त्याने कपाळ टेबलावर टेकलं.

खोली बांधली, की तिच्यात स्वतःचा पूर्ण पत्ता लिहिला जातो. संगणक जोडलेल्या प्रत्येक डिस्कला पत्त्यासाठी एक अक्षर देतो; घरी पेनड्राइव्हला 'ई' मिळत होतं, इथे 'एफ'. म्हणून प्रत्येक संगणकावर खोली नव्याने बांधायची, हा त्याचाच नियम. पण नवा प्रोग्राम झाला त्या दिवशी तो इतका थकला होता, की घरी बांधलेली खोली तशीच उचलून घेऊन आला. आणि इथे 'ई' म्हणजे बाहेरून जोडलेली बॅकअपची डिस्क. पेनड्राइव्ह हरवला तर काय, या धास्तीने त्यानेच तिच्यावर जुन्या सगळ्याची नक्कल करून ठेवली होती. त्याच नावाची खोली, आत उंचवटा न ठेवणारी जुनी अवजारं. पत्त्यावर कुणीच नसतं, तर प्रोग्रामने निदान ओरडा केला असता. पण दार उघडं होतं. तो निमूट आत गेला आणि त्याने जुन्याच रीतीने साचे आखले. एकदा नव्हे, दोनदा.

हे सगळं पायमास्तरांना सांगायला फार वेळ लागला नाही. त्यांनी मान हलवली आणि मावशींकडे पाहिलं. मावशी दाराकडे तोंड करून, कुबड्या जवळ ओढून बसल्या होत्या.

"तू सांगतोस, की मी सांगू?"

"मीच सांगतो." लॉकेट मावशींसमोर जाऊन जमिनीवरच बसला. "मावशी, तुमच्या पायाला सूज नव्हती. चूक माझी होती. मी चुकीच्या जागचा प्रोग्राम चालवला. दोन्ही वेळा."

मावशींनी कुबड्या बाजूला ठेवल्या.

"मग मीठ?"

"मीठ खा."

पायमास्तर उगाच खाकरले. मावशींचे डोळे भरून आले. रागाने, की कशाने, कोण सांगणार? "महिनाभर मी देवाला विचारतेय रे, अजून काय सोडू, म्हणजे हा पाय बसेल? त्या बिचाऱ्याला तरी काय उत्तर देता येणार होतं!"

लॉकेट उठून संगणकाकडे वळला.

"किती वेळ लागेल?" मावशींनी विचारलं.

"दुपार सरेल."

त्यांनी फोन काढून भावाला लावला. "आत्ता येऊ नकोस... नाही, नाही जमलं अजून... अरे, यांचं चुकलंय. माझं नाही." शेवटचे दोन शब्द त्यांनी पुन्हा म्हटले, जरा मोठ्याने.

लॉकेटने घरून आणलेली खोली पुसून टाकली. इंटरप्रिटरला इथेच, या संगणकाला जोडलेल्या पेनड्राइव्हवर, नवी खोली बांधायला लावलं. इंटरनेट नव्हतं, पण लागणारी अवजारं पेनड्राइव्हवर बांधून आणलेली होती. संगणक म्हातारा. एकेक अवजार उचलताना धापा टाकत होता. लॉकेटचे डोळे मिटत, मान खाली जाई, पुन्हा दचकून वर येई. शेवटी त्याने परत विचारलं: कुठून चालतोयस? 'एफ'. आता साचा आखून यंत्राला दिला. पांढरी धूळ उडाली. यंत्र थांबल्यावर त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. झाकण उघडून अंगठा फिरवला. अडखळला.

"आहे," तो म्हणाला. मास्तरांनीही अंगठा फिरवून पाहिला. आता कुणाच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

मग प्लास्टिकचा पांढरा पत्रा भट्टीत गेला; पुरता तापला, की तो काचेसारखा पारदर्शक होतो. मावशी खुर्चीतूनच मान ताणून बघत होत्या. "मास्तर, इतक्यात काढू नका. मधे पांढरं आहे अजून."

"मावशी, हा पाव नाही."

"भट्टी ती भट्टीच. मधे कच्चं राहिलं, की सगळं कच्चं."

मास्तरांनी वाकून पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं.

वाटी निवली, कडा घासून झाल्या, खाली पाय जोडला, तोवर उन्हं कलली होती. मावशी दोन्ही दांड्या धरून उभ्या राहिल्या. भार टाकला. मास्तर एका बाजूला, लॉकेट दुसऱ्या. दोघांचेही हात अर्धवट पुढे आलेले.

"दुखतंय?"

"गप्प बसा जरा." मावशींनी डोळे मिटले. एक हात सुटला. मग परत धरला. मग पुन्हा सुटला. "आवळतंय," त्या म्हणाल्या. "चावत नाहीये."

मास्तरांनी लगबगीने खुर्ची पुढे सरकवली, थेट त्यांच्या मागे.

"इथे नको," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. "तिकडे ठेवा, भिंतीपाशी. मी येते तिथे."