बेचाळिसावी ओळ

मी एका रक्त तपासणी केंद्राचं वेबपान बोलतोय. रिपोर्ट बघायला लोक मलाच उघडतात. आज सकाळपासून मी कुणालाही रिपोर्ट दाखवलेला नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

मला इथलं संगणकाचं काम बघणाऱ्या ताईनं घडवलं. माझी जात एक्सएमएल, म्हणजे कडक. उघडलेली प्रत्येक खूण, म्हणजे टॅग, बंद झालीच पाहिजे, नाहीतर मी उभाच राहत नाही. पण काउंटरवरच्या काकांचा ब्राउझर जुना, त्याला एक्सएमएल कळेना. ताईनं सर्व्हरवर चार ओळी लिहिल्या. आधी ब्राउझरला विचारायचं, "बाबा रे, तुला काय चालतं?" मग नव्याकडे मी एक्सएमएल म्हणून जायचो, जुन्याकडे साधं एचटीएमएल म्हणून. काका खूश होते.

पुढे नवे मॅनेजर आले. "या ओळी कशाला? माझ्या लॅपटॉपवर तर मस्त दिसतंय," म्हणत त्यांनी त्या उडवल्या. दुसऱ्या सकाळी काकांच्या पडद्यावर माझ्याऐवजी प्रश्न उमटला: फाइल कुठे साठवायची? समोर तीस माणसं खोळंबलेली. मॅनेजरांनी सरळ ताईकडे बोट दाखवलं.

"हिनं कामच कच्चं केलंय."

"अहो, त्या ओळी तुम्हीच..." एवढंच ती बोलू शकली. दुपारी तिचं टेबल रिकामं झालं. काकांना नवा संगणक मिळाला. मी दातओठ खात बसलो.

आज मालक पाहणीला यायचे होते. मॅनेजरांनी घाईघाईत स्वतःच्या हातानं माझ्यात एक ओळ घातली. ती ठळक दिसावी म्हणून खूण उघडली, पण बंद केलीच नाही. ताई प्रत्येक बदल तपासून मगच चढवायची, यांना तेवढा धीर कुठला! साध्या एचटीएमएलनं ही चूक पोटात घातली असती. मी घालणार होतो थोडाच!

मालकांसमोर मोठ्या पडद्यावर मी एवढंच दाखवलं: चूक, ओळ बेचाळीस. खाली ती ओळ. मॅनेजर पांढरेफटक पडले.

"त्या बाईचंच काम हे," ते पुटपुटले. मालकांनी तिथूनच ताईला फोन लावला आणि पडद्यावरची चूक सांगितली.

"बेचाळिसावी ओळ जरा मोठ्यानं वाचता का?" ताई शांतपणे म्हणाली.

मालकांनी वाचलं, "आमचे कार्यक्षम मॅनेजर."

काका खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले.

मालक आता तिला परत बोलावताहेत. ताई, तू ये, सन्मानानं ये. पण जरा सावकाश ये. ती ओळ अजून सगळ्यांनी वाचलेली नाही.