कॉलिन सर नव्हतेच

तैवानमधल्या तायचुंगजवळच्या फेंगयुआन गावातल्या त्या बालवाडीत मंगळवारची सकाळ फळांची असे. चपला दाराशी काढून, ताप मोजून घेऊन चौदा मुलं चटईवर बसली होती आणि कॉलिन सर पिशवीतून एकेक फळ काढून त्याचं इंग्रजी नाव विचारत होते. पेरू निघाला तेव्हा कोणालाच नाव सांगता येईना. पाच वर्षांची यूछन उठून आपल्या भाषेतच म्हणाली, "हा माझ्या आजीला, आमाला, आवडत नाही, दातात बिया अडकतात!" सगळा वर्ग खिदळला. सर दक्षिण आफ्रिकेचे, त्यांना फारसं कळलं नाही, तरी तेही हसले. मागे वह्यांवर शिक्के मारत बसलेल्या वर्गशिक्षिका पेइयिंगलाही हसू आवरेना.

तेवढ्यात भोंग्यावर सशाचं गाणं लागलं.

गाणं लागलं की तपासणी आली, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या लहान मुलांना परदेशी माणसाने शिकवू नये असा सरकारी नियम होता. नियम बरा की वाईट, त्यावर कोणीही खुशाल भांडावं. पण आयांना परदेशी मास्तरच हवा होता, आणि आयांना हवा म्हणून मुख्याध्यापिका चुआंगबाईंनाही हवा होता. पालकसभेत त्या हसतहसत म्हणाल्या होत्या, "कोणी विचारलं तर आपल्याला काही माहीत नाही हं!" आणि चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी माना डोलावल्या होत्या. घरी हीच माणसं मुलांना खरं बोलायला शिकवत असणार.

मुलांना हे सगळं लपाछपीचा खेळ म्हणून शिकवलं होतं. सर मागच्या जिन्याने उतरून समोरच्या शेवयांच्या दुकानात जाऊन बसायचे. दोन मुलं भिंतीवरचा इंग्रजी तक्ता उलटा करायची, बाकीची मुलं चित्रांचे पत्ते दुपारच्या गोधड्यांच्या कपाटात कोंबायची. दोन मिनिटांत सगळं चिडीचूप. इंग्रजी कच्चं राहिलं असेल, पण हा धडा पोरांनी अगदी बिनचूक उचलला होता.

शिक्षण खात्याची अधिकारी तरुण होती, बोलायला गोड होती. ती चटईपाशी उकिडवी बसली आणि नेमकं यूछनला तिने विचारलं, "तुम्हाला कोण कोण शिकवतं गं?"

"पेइयिंगबाई," यूछन म्हणाली, "आणि कॉलिन सर. सर आत्ताच मागच्या जिन्याने गेले."

दारात उभ्या असलेल्या चुआंगबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पेइयिंगकडे पाहिलं. पेइयिंग या शाळेत सात वर्षं होती, आणि त्या नजरेचा अर्थ तिला सांगावा लागत नसे.

"हिचं मनावर घेऊ नका," ती हसून म्हणाली. "आईवडील समुद्रापलीकडे, चीनमध्ये कारखान्यात असतात. वर्षातून दोनदा येतात. आजीजवळ एकटीच वाढते, मग मनानेच माणसं रचते बिचारी."

वाक्य किती सहज निघालं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

अधिकारी बाईंना पोरीची दया आली. तिच्या केसांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "असं नाही करायचं हं बाळा. खरं ते सांगायचं."

यूछनने पेइयिंगकडे पाहिलं. "बाई, तुम्हीपण होतात ना? सर होते ना?"

"नाही," पेइयिंग म्हणाली. "कॉलिन सर म्हणून कोणी नाही. सॉरी म्हण बरं."

यूछनने सॉरी म्हटलं. तेवढं तिला इंग्रजीत छान येत होतं.

दुसऱ्या दिवशी सर नेहमीसारखे हात हलवत वर्गात आले. सगळी पोरं ओरडली. यूछनने मात्र शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "तुला दिसतात का गं?"

"खोटारडी!" ती मुलगी म्हणाली. खेळात हरलेल्याला चिडवायचंच असतं.

गुरुवारी जेवायच्या वेळी यूछन वाटीत चमचा घालून नुसती बसून राहिली. पेइयिंग जवळ गेली तेव्हा तिने विचारलं, "बाई, हे सूपच आहे ना?" मग बाहेर बोट दाखवलं. "आणि ते झाड आहे ना?" पेइयिंग हो हो म्हणत राहिली. आपण त्या पोरीचं काय काढून घेतलंय, हे तिला पुरतं कळलं होतं. तरी शुक्रवारी सकाळी ती नेहमीसारखी कामावर आली आणि वह्यांवर शिक्के मारत बसली. चांगल्या माणसांचं हे असं असतं. त्यांना कळतं सगळं.

शुक्रवारी साडेतीनला शाळा सुटली. फाटकाशी स्कूटरींची गर्दी झाली होती. यूछनची आजी, तिची आमा, गर्दी टाळून कडेला उभी होती. पहाटेपासून सोयाच्या दुधाची गाडी लावणारी बाई, तिच्या अंगाला तो वास कायमचा चिकटलेला. शाळेचं सगळं यूछनच्या आईने फोनवरून ठरवलं होतं, पालकसभा आमाच्या वाट्याला कधी आल्या नाहीत. सर यायचे मागच्या दाराने, त्यामुळे तिने त्यांना पाहिलेलंही नव्हतं.

"बाई, एक विचारू?" आमाने हात पुसत विचारलं. "चुआंगबाईंचा फोन आला होता मंगळवारी. तुमची पोर साहेबलोकांपुढे काहीबाही रचून सांगते म्हणाल्या. ती घरीही या कॉलिन सराचं सांगायची हो. मला वाटायचं टीव्हीतला कोणी असेल. पण ती हटूनच बसली, होते म्हणून. मी म्हटलं, तुझ्या बाई नाही म्हणतात तर नसणारच. बाई कशाला खोटं बोलतील?" तिने शेजारी उभ्या पोरीला जवळ ओढलं. "आणि मी तिच्या तोंडात मारली. जन्मात पहिल्यांदा मारलं मी तिला. काल गुडघा फुटला पोरीचा, भळाभळा रक्त आलं, तर मला विचारते, आमा, हे खरंच लागलंय का?"

"लहान आहे, आजी. होईल..." एवढं बोलून पेइयिंग थांबली.

ती तिथेच डांबरावर गुडघे टेकून बसली.

"यूछन, कॉलिन सर होते. तू पाहिलंस ते खरं होतं. मीही तिथेच होते. खोटं मी बोलले."

"अहो बाई, हळू!" जवळची एक आई म्हणाली. "रस्त्यात आहोत आपण!"

"सगळीकडे हेच चालतं," दुसरी म्हणाली. "उगाच काय! उद्या शाळेला टाळं लागलं म्हणजे आमच्या पोरांच्या इंग्रजीचं काय?"

यूछनने बाईंचा चेहरा बराच वेळ निरखला. मग आमाचा सदरा ओढत तिने विचारलं, "आमा, बाई आता खरं बोलतायत का?"

आमाने आयांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा की. तुमचीपण पोरं याच वर्गात ना?"

आयांनी हेल्मेटचे पट्टे लावायला घेतले. एकीने गाडी सुरू केली. तिचा मुलगा काही बोलायला गेला, तशी तिने त्याचा मास्क नाकावर ओढला. वाचकहो, त्या बायकांना दुष्ट म्हणू नका. मुलांच्या भल्यासाठी काहीही करायला तयार असलेल्या आया होत्या त्या. तुम्हीआम्हीही तसेच आहोत.

"मी सोमवारी खात्यात जाते, आजी," पेइयिंग म्हणाली. "सगळं लिहून देते. नोकरी गेली तर गेली. यूछनलाही नेते बरोबर, त्या अधिकारी बाईंनी..."

"पोरीला कशाला?" आमा म्हणाली. "तिचं सांगून झालंय. आणि सोमवार कशाला? अजून पाच वाजायचेत, कचेरी उघडी असेल."

पेइयिंग उठली. फाटकात आलेल्या चुआंगबाई तिला हाका मारत होत्या. तिने एप्रन सोडून त्यांच्या हातात दिला आणि बसथांब्याकडे चालू लागली.

यूछन बघत होती. "आमा, बाई चालल्यात ना?"

"हो," आमा म्हणाली. "मलाही दिसतायत."